दातांच्या फटींची सफाई : वेळ कोणती?

दाढेला पाच पृष्ठभाग असतात: गालाकडचा, जिभेकडचा, चावण्याचा आणि दोन्ही बाजूंच्या शेजारी दातांना टेकलेले दोन. ब्रशचे तंतू यांपैकी पहिल्या तिघांपर्यंत सहज पोचतात. उरलेल्या दोघांपर्यंत मात्र ते, कितीही नेटाने घासले तरी, नीट पोचत नाहीत. या दोन पृष्ठभागांसाठी जो बारीक, मऊ, बहुधा नायलॉनचा आणि पुष्कळदा मेण लावलेला दोरा वापरला जातो त्याला फ्लॉस म्हणतात. हा दोरा दिवसातून केव्हा फिरवावा हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्याचे नेमके उत्तर शोधताना जिवाणूंच्या वाढीचा वेग, लाळेचे कार्य आणि माणसाच्या सवयीचा स्वभाव या तिन्हींचा विचार करावा लागतो.

दातांच्या फटीत घाण उरते ही जाणीव जुनी आहे. डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोन व्हान लेवनहूक याने १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात असे नोंदवले की, सकाळी मिठाने दात घासण्याचा, जेवणानंतर काडीने दाढा कोरण्याचा आणि फडक्याने दात पुसण्याचा नियम पाळूनही त्याच्या दातांच्या मध्ये दाट पांढरट पदार्थ उरत असे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्या पदार्थात वळवळणारे अगणित सूक्ष्म जीव दिसत. न्यू ऑर्लीन्स येथील दंतवैद्य लिव्हाय पार्मली याने १८१९ मध्ये आपल्या पुस्तकात दातांच्या फटींतून मेण लावलेला रेशमी दोरा फिरवण्याचा सल्ला दिला. भारतीय परंपरेत दोरा नव्हता, पण वेळेचा विचार होता: चरकसंहितेत दंतधावन दिवसातून दोनदा सांगितले आहे, तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ते सकाळी आणि जेवणानंतर करावे असे म्हटले आहे. पुढे मराठी घरांत कडुनिंबाच्या काडीपासून राखुंडीपर्यंत आणि राखुंडीपासून पेस्टपर्यंत साधने बदलत गेली, तरी बहुतेक घरांत सकाळची वेळ तेवढी पक्की राहिली आणि जेवणानंतरचे दंतधावन चूळ भरण्यावर येऊन थांबले, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

फटीत साचणारा तो पांढरट पदार्थ म्हणजे अडकलेल्या अन्नाचा चोथा, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो प्लाक असतो, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर धरणाऱ्या बुळबुळीत थरासारखा, जिवाणूंनी स्वतःच निर्माण केलेल्या चिकट द्रव्यात रुतून बसलेला त्यांचा थर. तो चूळ भरून निघत नाही, घासूनच काढावा लागतो, आणि बराच काळ तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात साचून त्याचे कठीण किटण बनते, जे मग घरच्या कोणत्याही साधनाने निघत नाही. या थरापासून दोन निरनिराळे विकार उद्भवतात. एक हिरड्यांचा दाह आणि दुसरा दाताची कीड. या दोहोंची कालमाने एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. फ्लॉसच्या वेळेविषयीचा बहुतेक गोंधळ हा भेद लक्षात न घेतल्यामुळे झालेला आहे.

हिरड्यांचे कालमान दिवसांचे आहे. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे केलेला आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग दंतवैद्यकात मूलभूत मानला जातो: निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दातांची सफाई पूर्ण थांबवली, तेव्हा १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. त्याच परंपरेतील १९७३ च्या अभ्यासात दर ४८ तासांनी पूर्ण सफाई करणाऱ्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या, तर दर ७२ तासांनी करणाऱ्यांच्या हिरड्यांना दाह झाला. म्हणजे केवळ हिरड्यांचा विचार केला, तर दोरा सकाळी फिरवला की दुपारी याने काही बिघडत नाही; दिवसातून एकदा, पण खरोखर नीट फिरवला म्हणजे पुरते.

किडीचे कालमान मात्र मिनिटांचे आणि तासांचे आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधील आम्लता झपाट्याने वाढते आणि पूर्वस्थितीला यायला अर्धा ते एक तास लागतो. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापावर आकडा जितका खाली तितकी आम्लता अधिक. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या एनॅमल या कठीण आवरणातील खनिजे विरघळू लागतात. या आम्लाला उतार पडतो तो मुख्यतः लाळेमुळे, कारण लाळेतील बायकार्बोनेट आम्ल शमवते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळलेली खनिजे काही अंशी भरून काढतात. गाढ झोपेत मात्र लाळ स्रवणे जवळजवळ थांबते. रात्री साडेनऊला जेवण, त्यावर मुलांना साखर घातलेले दूध आणि लगेच अंथरूण, असा क्रम असलेल्या घरात फटीतला प्लाक आणि त्याला मिळालेली साखर हे दोन्ही सहा-सात तास अशा तोंडात राहतात, जिथे त्यांना आवरणारे कोणी उरलेले नसते. रात्रीच्या वेळेच्या बाजूने सर्वांत सबळ कारण हेच आहे, आणि ‘जमेल तेव्हा करावे’ या सर्वसाधारण सल्ल्यापेक्षा ‘शेवटचे खाणे झाल्यावर, झोपण्यापूर्वी’ हा सल्ला अधिक ठाम शब्दांत दिला गेला पाहिजे.

ब्रशच्या आधी की नंतर, हा उपप्रश्नही येथेच येतो. इराणमधील मशहद येथे दंतवैद्यकाच्या २५ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी फ्लॉस आणि मग ब्रश या क्रमाने फटीतला प्लाक अधिक निघाला आणि फ्लोराइडही तिथे अधिक प्रमाणात टिकले. फ्लोराइड म्हणजे पेस्टमधील, एनॅमलला बळकटी देणारा घटक. फट मोकळी झाली की त्याला आत शिरायला वाट मिळते, आणि रात्री लाळ कमी असल्याने तो धुऊन न जाता अधिक वेळ राहतो; म्हणूनच ब्रशनंतर फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत. याउलट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० व्यक्तींच्या सवयीच्या अभ्यासात ब्रशनंतर फ्लॉस करणाऱ्यांची सवय आठ महिन्यांनी अधिक पक्की आढळली, कारण अंगवळणी पडलेली कृती संपली की पुढची आपोआप आठवते. दोन्ही अभ्यास लहान आहेत. ज्याला सवय आहे त्याने आधी दोरा फिरवावा आणि ज्याला ती नव्याने लावायची आहे त्याने, हवे तर, नंतर, असा निष्कर्ष त्यांवरून काढणे रास्त ठरते.

फ्लॉसच्या उपयोगाचा पुरावाच दुबळा आहे, असा आक्षेप २०१६ मध्ये अमेरिकेत वृत्तपत्रांतून गाजला, आणि त्यात तथ्य होते. परंतु २००६ च्या एका समीक्षेत या दुबळेपणाचे कारण बरेचसे सापडते: शाळकरी मुलांचे दात शाळेच्या दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने सुमारे पावणेदोन वर्षे फ्लॉस केले, तेव्हा फटीतील किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला, मुलांनी स्वतः केलेल्या फ्लॉसने मात्र फरक दिसला नाही. दोरा तोच, दात तसेच; फरक हाताचा. सुमारे ४५ सेंटिमीटर दोरा दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून, मध्ये बोटभर ताणून, करवतीसारख्या हलक्या हालचालीने फटीत उतरवायचा, झटका देऊन हिरडीवर आपटायचा नाही. मग तो एका दाताभोवती कमानीसारखा वळवून हिरडीच्या कडेखाली किंचित सरकवायचा आणि दाताला घासत वर आणायचा, नंतर त्याच फटीतल्या दुसऱ्या दाताभोवती तसेच करायचे. ही दुसरी बाजूच बहुतेकांकडून राहून जाते. पहिल्या आठवड्यात येणारे थोडे रक्त हे बहुधा आधीच्या दाहाचे लक्षण असते, दोऱ्याने केलेल्या इजेचे नव्हे. ते पाहून दोरा सोडून देणारे लोक उपाय नेमका लागू पडत असतानाच थांबवतात. रक्त पुढेही येतच राहिले, तर मात्र दंतवैद्यांना दाखवले पाहिजे.

उतारवयात हिरड्या खाली सरकून फटी रुंदावतात, तेव्हा दोऱ्यापेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा चिमुकला ब्रश सोयीचा पडतो. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या समीक्षेनेही, पुरावा भक्कम नसल्याचे सांगून का होईना, त्यालाच झुकते माप दिले. रक्तदाबाच्या वा नैराश्यावरच्या काही औषधांनी ज्यांचे तोंड दिवसाही कोरडे राहते, त्यांच्या बाबतीत लाळेचे संरक्षण दिवसभरच अपुरे असते, म्हणून त्यांनी रात्रीची सफाई तर चुकवूच नये, शिवाय दिवसाच्या जेवणांनंतरही फटींकडे लक्ष द्यावे. रात्रपाळीच्या कामगारांना आणि परिचारिकांना हाच नियम वेळ फिरवून लागू होतो: ते सकाळी आठला घरी येऊन काही खाऊन झोपत असतील, तर त्यांची फ्लॉसची वेळ सकाळी आठनंतरची, खाणे आटोपल्यावरची आणि पडदे ओढण्यापूर्वीची होय.