माती आणि गादी : पारंपरिक कुस्तीची स्पर्धेसाठी घडण

पारंपरिक युद्धकला आधुनिक स्पर्धेत उतरते तेव्हा आधी नियम बदलतात, नियमांमागून डाव बदलतात आणि सर्वांत शेवटी तालीम बदलते. खानदेशात हा क्रम कुस्तीत स्पष्ट दिसतो. धुळे-जळगाव भागातील यात्रांमधल्या दंगली मातीवर होतात. राज्य, राष्ट्रीय आणि जागतिक स्पर्धांचा निकाल मात्र गादीवर लागतो. खेळाडू एकच, पण त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. वस्ताद, क्रीडाशिक्षक आणि पंच यांच्या परिषदेने म्हणूनच या दोन परीक्षांमधला फरक आधी तपासायला हवा.

चीनमध्ये युद्धकला स्पर्धेत उतरवण्याचा हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. १९२८ साली नानकिंग येथे मध्यवर्ती गुओशू (राष्ट्रीय युद्धकला) संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी उंच मंचावरील लढतींची राष्ट्रीय परीक्षा झाली. पुढे १९७९ पासून सांदा या लढतीच्या प्रकाराचे प्रायोगिक सामने सुरू झाले आणि १९९१ मध्ये बीजिंगला वुशूची, म्हणजे चिनी युद्धकलांची, पहिली जागतिक स्पर्धा भरली. सांदामध्ये ठोसा, लाथ आणि पाडाव हे तिन्ही राहिले. कोपर, गुडघा आणि सांधे पिळण्याचे डाव वगळले गेले. लढत ८ मीटर चौरस आणि ८० सेंटिमीटर उंच मंचावर, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत होते. एकाच फेरीत दोनदा मंचाखाली गेलेला खेळाडू ती फेरी गमावतो. एकट्याने करायच्या क्रमबद्ध हालचालींचा स्पर्धाविभाग मात्र स्वतंत्र ठेवला गेला. चिनी परंपरेतील अनेक शाखांत प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी रोजची लढत मागे पडली होती, त्यामुळे तेथे लढतच नव्याने उभारावी लागली.

कुस्तीला ही अडचण आली नाही. तालमीत जोर, बैठका, सपाट्या, मल्लखांब आणि हौदा खणणे यांच्या जोडीला रोजची झटापट होतीच. पूर्ण ताकदीने विरोध करणारा जोडीदार पैलवानाला दररोज मिळत असे. बदलायचा होता तो निकालाचा हिशेब. मातीत दोन्ही खांदे टेकून पाठ लागली, म्हणजे चितपट झाली, की कुस्ती निकाली. दंगलीत वेळेचे बंधन सैल असते, आणि जोड अनेकदा वजनकाट्यावर नव्हे तर पंचांच्या नजरेने लागते.

गादीवरील फ्रीस्टाइल लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून कब्जा घेतल्यास २ गुण, त्याची पाठ धोक्यात आणल्यास २, उभ्याने उचलून थेट पाठीवर टाकल्यास ४ आणि हद्दीबाहेर ढकलल्यास १ गुण मिळतो. १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते. चितपट आजही सर्वश्रेष्ठ आहे, पण ती न करताही जिंकता येते.

या हिशेबाने डावांचे मोल बदलले. सर्वांत मोठा बदल बचावात झाला. मातीत पैलवान दमला किंवा अडचणीत आला, की मुद्दाम तळात जातो, पोटावर घट्ट बसतो आणि वरच्याला दमवतो. तेथे हे शहाणपण ठरते. गादीवर तळात जाताच २ गुण जातात, आणि वरून भारंदाज लागला तर प्रत्येक पलटीला आणखी दोन. दुसरा बदल पकडीत झाला. मातीत लांग किंवा जांघ्या धरता येतो, तळातले बरेच डाव त्याच पकडीवर बसले आहेत. गादीवर पोशाख धरणे नियमबाह्य आहे. तिसरा बदल पायांत झाला. मऊ मातीत पाय रुततो, गादीवर बुटाची पकड मिळते, म्हणून पट काढणे गादीवरचे मुख्य शस्त्र बनले. ढाक आणि धोबीपछाड मात्र टिकले, कारण ते डाव लागले की एकाच झटक्यात मोठे गुण मिळतात.

महाराष्ट्राचा पूर्वानुभव हेच सांगतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मातीने दिलेली चपळाई कामी आली, पण तिला नियमांच्या ओळखीची जोड मिळावी लागली.

खानदेशापुरते पाहता चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांचे उदाहरण बोलके आहे. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे ते महाराष्ट्र केसरी ठरले. पोलीस सेवेत गेल्यावर २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत त्यांनी १२५ किलो गटात सुवर्णपदक घेतले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेचीही रचना दुहेरी आहे: माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्ही विभागांचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. राज्यातील ही सर्वांत मानाची कुस्ती एका पृष्ठभागावर अडून राहिलेली नाही.

तालमीच्या पातळीवर यातून चार गोष्टी निघतात. पहिली, माती काढून टाकू नये. कंबर, मान आणि पंज्याची ताकद तेथे घडते आणि पडण्याची भीती लहान वयात जाते. दुसरी, जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलाला गादीचा सराव स्पर्धेच्या आठवड्यात नव्हे, वर्षभर मिळावा. तिसरी, सरावाची लढत घड्याळ लावून आणि गुण मोजून घ्यावी, म्हणजे शेवटच्या ३० सेकंदांत एका गुणाची आघाडी कशी राखायची किंवा कशी फोडायची हे अंगवळणी पडेल. तळात बसण्याची सवय मोडण्याचाही हाच मार्ग आहे. चौथी, यात्रेच्या दंगलीत निदान कुमार गटाच्या जोड्या वजनकाट्यावर लावाव्यात आणि गुणफलक ठेवावा. इनाम, हलगी आणि गर्दी यांत त्याने काही उणे होत नाही, आणि गावातल्या मुलाला पुढच्या स्पर्धेचे नियम घरच्याच आखाड्यात कळतात.