आईवडील म्हणजे आईचे वडील?



कॉलेजात येण्यापूर्वी दोन वर्षे मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवीत होतो. तिसरीचा वर्ग. जोडशब्द फोडून दाखवीत होतो. फळ्यावर लिहिले, 'देवघर – देवाचे घर', 'राजवाडा – राजाचा वाडा'. मुलांनी माना डोलावल्या. मग मी विचारले, "आता सांगा, आईवडील म्हणजे?" मागच्या रांगेतला एक मुलगा ताडकन उठला नि म्हणाला, "आईचे वडील, गुरुजी!" वर्ग हसला. मीही हसलो. तो मुलगा खाली बसला, तो पुढे वर्षभर आपण होऊन कधी उठला नाही.

चूक त्याची नव्हती, माझी होती. मी दाखवलेल्या वाटेनेच तो चालला होता. दोन शब्द एकत्र येताना त्यांच्यामधला दुवा गळतो, आणि हा दुवा प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. समासातली खरी गोष्ट ही. तीच मी सांगितली नव्हती.

ती सांगायला मोठी परिभाषा लागत नाही. साध्या गाड्या घ्या. बैलगाडी म्हणजे बैलांनी ओढायची गाडी. हातगाडी हाताने ढकलायची. मालगाडी माल वाहून नेणारी. आणि आगगाडी? तिच्या इंजिनात कोळशाची आग धगधगत असे, तिच्यावर ती चाले. आता आग गेली, शब्द राहिला. 'गाडी' चारही ठिकाणी तीच, पण दुवा चार तऱ्हांचा. बैलगाडी म्हणजे बैल वाहून नेणारी गाडी, असे मुद्दाम म्हणून पाहा. मुले हसतील, आणि आपण का हसलो तेही त्यांना उमगेल.

मग घरात या. आईवडील यात 'आणि' लपला आहे, बरेवाईट यात 'किंवा'. मीठभाकर म्हटले की मीठ, भाकर आणि तसलेच साधे जेवण. पोळपाट म्हणजे पोळी लाटण्यासाठी पाट. लपलेला शब्द मुलांनीच शोधावा; आपण घाई करू नये.

जोडताना पहिला शब्द थोडा अंग चोरतो, तेही दाखवावे. घोडा, पण घोडदौड. पाणी, पण पाणकोंबडी. फूल लिहिताना ऊकार दीर्घ, फुलपाखरू लिहिताना ऱ्हस्व. शुद्धलेखनाचा एक नियम असा न घोकता हाती येतो.

तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीहि, अव्ययीभाव ही नावे वरच्या वर्गात येतीलच. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकाने तो ग्रंथ अवश्य पाहावा. पण लहान मुलाच्या हाती आधी वस्तू द्यावी, नाव मागाहून.

शेतकरी बंधुभगिनींनो, हे काम शाळेपुरते नाही. रात्री जेवताना मुलाला विचारा, "तोंडपाठ म्हणजे काय रे?" चुकला तर हसू नका. "तुला असं का वाटलं?" एवढेच विचारा. त्या मुलाला मी हा प्रश्न विचारला असता, तर "देवघर देवाचं, म्हणून" असे उत्तर मिळाले असते. मग मी म्हणालो असतो, "शाब्बास! पण घरी तू आईवडील कुणाला म्हणतोस?" दुवा त्याने स्वतःच शोधला असता, आणि पुढच्या प्रश्नालाही तोच पहिला उठला असता.