चाला, पण बेताने



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. उपदेश करण्याचा अधिकार माझा नाही. स्वतःवर बेतले तेवढे सांगते.

सासूबाई सांगतात, १९७५ पूर्वी आपल्या राळेगणात पाण्यासाठी फार वणवण होती. पुढे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने नालाबांध झाले, पाणी अडले, विहिरी भरल्या. आता घरात नळ आहे, हे मोठे सुख. पण डोईवरचा हंडा उतरला आणि माझ्या अंगावर मांस चढले! वजन ८४ किलो झाले, रक्तदाबाची गोळी लागली.

गेल्या चैत्रात मनाने घेतले, बारीक व्हायचेच. पहिल्याच दिवशी भरभर टेकडी चढले. निम्म्या वाटेत छाती दाटली, जबडा दुखला, दरदरून घाम आला. जाऊबाईंना म्हटले, "पित्त झालंय." घरीही दोन दिवस लपविले. शेवटी मुलाने दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख पाहून डॉक्टर म्हणाले, "हे पित्त नव्हे. थोडक्यात निभावलं."

उपचार झाले, मग त्यांनीच चालावयास सांगितले. आधी सपाट रस्त्यावर दहा मिनिटे, आठवड्या-आठवड्याने थोडी वाढ. आठवड्याला १५० मिनिटे झाली की पुष्कळ. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर पाय आवरावा. आरंभी व शेवटी सावकाश चालावे. जेवल्यावर लगेच किंवा भर उन्हात जाऊ नये. गोळी आपल्या मनाने सोडू नये.

आपल्या बायकांची कंबर ८० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, याहून अधिक असेल तर जपावे. रक्तदाब, साखर असेल, किंवा माहेरी कुणाला हृदयविकार असेल, तर आधी तपासून घ्यावे आणि मगच व्यायामाला लागावे.

छातीत, पाठीत, जबड्यात दुखले, दम कोंडला, मळमळले, तर तिथेच बसावे. सोडा पीत वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. आपण स्वयंपाक उरकून मग दुखणे सांगतो. भगिनींनो, ही लाज जिवावर बेतते.

आता मी व जाऊबाई रोज संध्याकाळी यादवबाबा मंदिरापासून चालतो. वजन चारच किलो उतरले. पण जिना चढताना धाप लागत नाही. आपणही या. एकटीने नको, दोघी-दोघींनी या.

इतके बोलून माझे चार शब्द संपविते.