डांबर न पडलेले रस्ते



इटलीतल्या सिएना शहराच्या आसपास आजही शेकडो किलोमीटर रस्ते खडीचे आहेत. देश श्रीमंत, प्रांत त्याहून श्रीमंत, तेव्हा डांबराला पैसा नाही असं कुणी म्हणणार नाही. चुनखडीच्या बारीक खडीमुळे ते लांबून पांढरे दिसतात, म्हणून तिथले लोक त्यांना ‘स्त्रादे बियांके’ म्हणतात. या रस्त्यांसाठी हल्ली जगभरातून माणसं सायकली घेऊन येतात. त्यांचं सौंदर्य तुम्ही फोटोत पाहिलंच असेल. मला बोलायचंय ते रस्ते कुणी केले आणि ते तसेच का राहिले, याबद्दल.

मध्य इटलीत काही शतकं अर्धेलीची शेती होती. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. कुळाचं घर गावात नसे, ते त्याच्या शेतावरच, बहुतेकदा टेकडीच्या माथ्यावर. म्हणजे प्रत्येक घराला स्वतंत्र रस्ता आला. हे रस्ते बैलगाड्यांसाठी होते, म्हणून ते टेकडीच्या धारेवरून जातात, ओढ्यापाशी उतरतात आणि लगेच दुसऱ्या घरासाठी पुन्हा चढतात. आज सायकलवाल्याची मांडी भरून येते ती या हिशेबामुळे. एकही चढ फार लांब नसतो, पण चढ संपतच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबंच्या कुटुंबं शहरांकडे, कारखान्यांकडे निघून गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, पण तोवर घरं ओस पडायला लागली होती. ज्या रस्त्यावरून जायला कुणी उरलं नाही, त्यावर डांबर कोण टाकणार? पांढरे रस्ते टिकले ते असे, माणसं गेली म्हणून. पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे वाक्य सापडत नाही.

पुढे पैसा आला आणि डांबरही येऊ लागलं. तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या गृहस्थांनी 1997 साली गायोले इन कियांती या गावी ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 जण आले. नियम असा की सायकल जुनी हवी. आज तो नियम 1987 पूर्वीच्या सायकलींचा आहे: गिअरची दांडी चौकटीवर, ब्रेकच्या तारा उघड्या. वाटेत खायला डाळी-भाज्यांचं घट्ट सूप आणि प्यायला वाइन. हा सगळा हौशी मामला वाटतो, पण त्यामागचा हेतू रोखठोक होता. रस्ता प्रसिद्ध झाला की त्यावर डांबर टाकणं अवघड होतं. 2007 मध्ये याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली. ती आता ‘स्त्रादे बियांके’ याच नावाने दर मार्चमध्ये होते आणि सिएनाच्या मधल्या चौकात संपते. रस्ता वाचवायची इतकी चतुर चळवळ मी दुसरी पाहिलेली नाही.

सायकलीबद्दल थोडक्यात. अशा खडीच्या रस्त्यांसाठीच्या सायकलीचं, म्हणजे ग्रॅव्हल बाइकचं, हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं असतं, टायर मात्र 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद, डिस्क ब्रेक, आणि चढासाठी हलके गिअर. टायरमध्ये हवा कमी ठेवायची. सायकल कितीही महागडी घेतली तरी सिएनाच्या दक्षिणेच्या चिकणमातीत पावसानंतर तिचा उपयोग नाही. ती माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

आता दक्षिणेला चला. सिएनाच्या तोस्काना प्रांताची लात्सिओ प्रांताशी असलेली सीमा जवळ आली की पायाखालची जमीन बदलते आणि तिच्याबरोबर रस्त्याचा रंग. पांढरा संपतो, तपकिरी सुरू होतो. हा ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, टफ. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि थंड झालेल्या लाव्हाच्या कठीण कातळाचा. इथला उद्रेक गेल्या सहा लाख वर्षांतला. राख दबून झालेला हा दगड इतका मऊ की प्राचीन एत्रुस्कन लोकांनी त्यात वीस-वीस मीटर खोल रस्ते कोरले. पितिल्यानो आणि सोव्हाना या गावांपाशी अशा भिंतींच्या मधून आजही जाता येतं. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, भिंतींवर शेवाळ आणि नेचे.

जमिनीखालचा शिलारस बाहेर पडला, वरचं छत खचलं, आणि त्या खळग्यात पाणी साठून बोल्सेनाचं सरोवर झालं. क्षेत्रफळ 114 चौरस किलोमीटर, खोली 151 मीटर. ज्वालामुखीच्या सरोवरांत युरोपात एवढं मोठं दुसरं नाही. काठाचा परीघ 43 किलोमीटर, पण सायकलची फेरी त्याहून बरीच मोठी होते, कारण रस्ता मधूनमधून काठ सोडून वर ऑलिव्हच्या बागांत आणि ओकच्या रानात चढतो. चढावंच. काठावरून पाणी दिसतं, सरोवराचा आकार मात्र वरूनच कळतो. पाण्यात दोन बेटं आहेत. त्यांतल्या मार्ताना बेटावर 535 साली ऑस्ट्रोगॉथ राणी अमालासुंथा हिचा खून झाला. इथल्या ईल माशांचा मोह पडलेल्या एका पोपला कवी दान्तेने आपल्या काव्यात खादाडांच्या रांगेत बसवलं आहे. पोपचं नाव मार्टिन चौथा. जेवणाने इतकं अमरत्व क्वचितच कुणाला मिळालं असेल.

बोल्सेनाहून मोंतेफियास्कोने आणि पुढे वितेर्बो, हा टप्पा माझ्या मते सगळ्यात श्रीमंत. ही जुनी यात्रेची वाट, व्हिया फ्रान्चिजेना. 990 साली कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना याच वाटेने गेले आणि मुक्कामांची यादी मागे ठेवून गेले. मोंतेफियास्कोने ओलांडल्यावर रोमन काळातला कासिया रस्ता लागतो, काळ्या लाव्हाच्या मोठमोठ्या चिऱ्यांचा. दोन हजार वर्षं झाली, चिरे जागेवर आहेत. सायकलवर मात्र हाडं खिळखिळी होतात. उतरून चालण्यात कमीपणा नाही, आणि तसंही इथे चालणाऱ्या यात्रेकरूंचा हक्क आधी. घंटी वाजवून त्यांना बाजूला सारणारे सायकलवाले मी पाहिलेत, ते मला आवडत नाहीत.

वितेर्बोच्या पलीकडे चिमिनी डोंगर. लिव्ही या रोमन इतिहासकाराने लिहिलंय की इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सैन्य या रानात शिरायला घाबरत होतं, व्यापारीसुद्धा तिकडे फिरकत नसत. आज त्या रानाचा बराच भाग हेझलनटच्या बागांनी खाल्लाय. ओळीने लावलेली झाडं, खाली झाडून घेतल्यासारखी स्वच्छ जमीन. चॉकलेटच्या धंद्याला हे फळ लागतं. तिथल्या वीको सरोवराच्या अगदी काठापर्यंत या बागा आल्या आहेत. त्यांच्या खतांचं पाण्यात काय होतं यावर तिथे अनेक वर्षं वाद चालू आहे. बागांतले रस्ते सायकलला छान आहेत, हे मला थोडं ओशाळून सांगावं लागतं. वीकोच्या वरच्या उतारावर मात्र खरं रान उरलंय, बीचच्या झाडांचं. एरवी या भागात बीच हजार मीटरच्या आसपास सापडतो, इथे तो गारव्यामुळे बराच खाली उतरला आहे. याच रांगेतल्या चिमिनो डोंगरावरचं जुनं बीचबन 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

या रानांत एक गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटते. इटलीच्या नागरी कायद्याच्या 842 व्या कलमानुसार शिकाऱ्याला दुसऱ्याच्या कुंपण नसलेल्या जमिनीत शिरता येतं. सायकलवाल्याला तसा हक्क नाही. मालकाने फाटक लावलं की वाट बंद, फोनवरचा नकाशा काहीही म्हणो. सप्टेंबर ते जानेवारी शिकारीचा हंगाम असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र देशभर शिकारीला बंदी आहे. रानातले टप्पे त्या दिवशी ठेवावेत. मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरे मारेम्मा कुत्रे असतात. ते दिसले की उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि सावकाश लांबून जायचं. पळवलीत तर ते पळतात, आणि ते तुमच्याहून वेगवान असतात.

शेवटी उंब्रिया प्रांताकडे वळतो. त्रासिमेनो सरोवर 128 चौरस किलोमीटरचं, म्हणजे बोल्सेनाहून मोठं, पण खोली जेमतेम सहा मीटर. इसवी सनापूर्वी 217 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने याच काठावरच्या धुक्यात रोमन सैन्य गाठलं. पाणी वाढलं की काठची शेती बुडे, म्हणून पंधराव्या शतकात ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या सरदाराने पाणी काढायला भुयार खणवलं. हा ब्राच्चो मोंटोने गावचा. त्रासिमेनोच्या ईशान्येला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात टेकडीवर हे छोटं गाव आहे. भोवती ओकचं रान आणि पुन्हा तेच खडीचे रस्ते.

याच खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, काडतुसं भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. 2023 च्या जुलैमध्ये मोंटोनेत त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

आपल्याकडच्या सायकल क्लबांपैकी जे आता दरवर्षी युरोपला निघतात त्यांना माझी विनंती आहे. आल्प्सच्या खिंडी जरूर करा, पण दोन दिवस उंब्रियाला ठेवा. त्रासिमेनोच्या काठाने निघा, सपाट रस्ता संपला की डोंगरात वळा आणि मोंटोनेपर्यंत चढून जा.