आधी क्रू मेस बघा



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खारं पाणी दोनच ठिकाणी मिळतं. एक लोणारच्या सरोवरात, दुसरं खारपाणपट्ट्यातल्या विहिरींत. माझं गाव विहिरीवालं, संग्रामपूर तालुक्यातलं. समुद्र बघायचा तर शेगाव नाहीतर मलकापूरला गाडी धरून पाचशेच्या आसपास किलोमीटर जायचं. इथल्या पोरानं क्रूझवर जायचं म्हटलं की चावडीवर हसतात, पोहता येत नाही अन् निघाला जहाजावर. हसू द्या. हॉटेल विभागातल्या माणसाला समुद्र फारसा दिसतही नाही. त्याची केबिन पाण्याच्या पातळीच्या आसपास, कधी तिच्याही खाली. खिडकी नाही, आणि खोलीत बहुतेक वेळा आणखी एक जण.

आज हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेऊन तुमच्यातले काही जण तिकडे जाणार आहेत. तुम्हाला तिथं 'मोठं' व्हायचंय, हे तुमच्या प्राध्यापकांनी मला सांगितलं. तेव्हा मोठेपणाबद्दलच बोलतो.

आधी आकार समजून घ्या. जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर पूर्ण भरल्यावर 7,600 प्रवासी मावतात आणि 2,350 कर्मचारी असतात. जहाज चालवणारे आणि इंजिन सांभाळणारे त्यांतले थोडे. बाकी बहुतेक हॉटेल विभागाचे: गॅली, रेस्टॉरंट, हाउसकीपिंग, लाँड्री, भांडार. सफर संपते त्या दिवशी सकाळी एक गाव उतरतं आणि दुपारपर्यंत दुसरं गाव चढतं. मधल्या चार-पाच तासांत सगळ्या केबिन नव्यानं लावायच्या, आठवड्याचा किराणा क्रेटांतून आत घ्यायचा, आणि संध्याकाळी जहाज सुटताना वेटरनं नुकत्याच झोपेतून उठल्यासारखं ताजंतवानं दिसायचं.

या गावाचा कारभारी म्हणजे हॉटेल डायरेक्टर. तिथवरची वाट लांब आहे. असिस्टंट वेटर, वेटर, हेड वेटर, रेस्टॉरंट मॅनेजर, मग फूड अँड बेव्हरेज. हाउसकीपिंगची आणि गॅलीची शिडी वेगळी. पदवी आहे म्हणून कुणी तुम्हाला मधल्या पायरीवर उतरवणार नाही. पहिल्या कॉन्ट्रॅक्टला ट्रे उचलावाच लागतो. त्याचं वाईट वाटून घेणारे पुढच्या कॉन्ट्रॅक्टला सहसा येत नाहीत.

पण शिडी चढणारे सगळेच नेते होत नाहीत. खांद्यावर पट्ट्या आल्या की माणूस वर बघायला लागतो. मी पुढं जहाजावर पदोन्नतीच्या मुलाखती घ्यायला बसायचो, तेव्हा एक साधी गोष्ट विचारायचो: आज क्रू मेसमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात, काय होतं? पाहुण्यांचा मेनू सगळ्यांना पाठ असायचा. आपल्या हाताखालच्या पोरांनी काय खाल्लं, हे फार थोड्यांना सांगता यायचं.

हा प्रश्न का, ते 2020 च्या फेब्रुवारीनं जगाला दाखवलं. 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात करोनामुळं अडकलं. वर 3,711 माणसं. त्यांत भारतीय 138 आणि त्यांतले 132 कर्मचारी. प्रवाशांना त्यांच्या केबिनमध्ये राहायला सांगितलं. मग त्यांच्या दारात जेवण कोण पोचवणार? कर्मचारी. ते काम करत राहिले, एका केबिनमध्ये दोघं-दोघं झोपत राहिले, एकाच मेसमध्ये जेवत राहिले. सुरुवातीला जे कर्मचारी आजारी पडले त्यांत बहुसंख्य अन्न विभागातलेच निघाले. विलगीकरणाची सगळी आखणी पाहुण्यांच्या बाजूनं झाली होती. खालच्या डेकवरच्या हजारभर माणसांचा विचार नंतर आला. माझ्या मते तो आजाराइतकाच व्यवस्थापनाचा धडा आहे, आणि हॉटेल विभागाच्या अभ्यासक्रमात तो अजून नीट शिकवला जात नाही.

जहाजावर पाहुणा आणि नोकर एकाच पत्र्याच्या आत राहतात. शहरातल्या हॉटेलचा कुक आजारी पडला तर घरी जातो. इथं तो जाणार कुठं? अमेरिकेच्या बंदरात यूएसपीएचवाले, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचे लोक, तपासणीला येतात, शंभरपैकी गुण देतात, 85 किंवा खाली आले की जहाज नापास. गरम अन्न 57 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली, हे तुम्हाला पाठ असेल. पण थर्मामीटर धरणाऱ्या पोराला रात्री झोप मिळाली नसेल तर आकडा वहीत जातो, अन्नात नाही. पोट बिघडलेला वेटर पगार कापला जाईल म्हणून गप्प राहिला, तर दोन दिवसांत अर्धा डेक उलट्या करतो.

म्हणून विश्रांतीच्या तासांचा हिशेब हा नेतृत्वाचा पहिला कागद समजा. 2006 च्या सागरी कामगार कराराप्रमाणे, आणि भारतानं तो 2015 मध्ये मान्य केलाय, 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती ठरलेली आहे. ती तुकड्यातुकड्यांत द्यायची नाही. फार तर दोन भाग, आणि एक भाग सलग सहा तासांचा. कागदावर हे सगळीकडं पाळलं जातं. प्रत्यक्षात 'पंच आउट कर आणि परत ये' म्हणणारे सुपरवायझर दर्यावर कमी नाहीत. उद्या त्या नोंदीखाली तुमची सही असेल. सही करायच्या आधी त्या पोराचे डोळे बघा.

आता तुम्ही म्हणाल, हे शिकायचं कुठं? शिकायला शेगाव आहे की! श्री गजानन महाराज संस्थानात रोज हजारो माणसं जेवतात, राहतात, आणि फरशीवर डाग दिसत नाही. शिवशंकरभाऊ पाटलांनी कित्येक दशकं खपून ते या रूपात उभं केलं. 4 ऑगस्ट 2021 ला भाऊ गेले. संस्थानात ते पाण्याचा घोटही घेत नसत असं सांगतात. सेवेकरी गावोगावहून पाळीनं येतात, पाळी मिळायला वाट बघतात, झाडू मारणारा आणि वाढणारा दोघंही समोरच्याला 'माउली'च म्हणतात. तुमच्यातल्या किती जणांनी तिथं रांगेत उभं न राहता भांडी घासण्याच्या जागी उभं राहून पाहिलंय? माणसं कशी वळवतात, गर्दी कुठं फोडतात, ताट किती वेळात परत फिरतं, हे तिथं दिसतं.

पण एक सांभाळा. सेवेकरी चार दिवस सेवा करून घरी जातो. जहाजावरचा पोरगा सहा ते नऊ महिने घर बघत नाही आणि आठवड्याची सुटी त्याला माहीत नसते. त्याला 'सेवाभाव ठेव' म्हणून जास्तीचे तास फुकट काढून घेणं ही लबाडी आहे, मग तोंडात माउली असो नाहीतर सर-मॅडम.

नेतृत्व पट्ट्यांत नसतं याचा मला माहीत असलेला सगळ्यात ठसठशीत दाखला 'ओशियानोस' या जहाजाचा. ऑगस्ट 1991, दक्षिण आफ्रिकेचा किनारा, वादळ, इंजिनरूममध्ये पाणी. कप्तान आणि बरेच अधिकारी सगळे प्रवासी उतरण्याआधीच निघून गेले. ब्रिजवर जाऊन पाहिलं कोणी? मॉस हिल्स नावाच्या गिटार वाजवणाऱ्यानं. तिथं कोणी नव्हतं. त्यानं रेडिओ उचलला, मदत मागितली, आणि करमणूक विभागातल्या मंडळींनी हेलिकॉप्टर येईपर्यंत लोकांना सांभाळलं. जहाज बुडालं. पाचशेच्या वर माणसं होती, सगळी वाचली. तुमच्या पहिल्या आठवड्यात सुरक्षेचं प्रशिक्षण होईल तेव्हा ते कंटाळवाणं वाटेल, कारण तुम्ही वेटर म्हणून आलेले असाल. पण भोंगा वाजला की वेटरच जिन्यावर उभा राहून वाट दाखवतो.

पालकांना दोन शब्द. मुलींना अडवू नका. दिवसभर शेतात राबणाऱ्या बायांच्या जिल्ह्यात पोरीला 'हे झेपेल का' विचारणं शोभत नाही. आणि शेत गहाण टाकून एजंटला पैसे देऊ नका. त्याच सागरी कामगार करारात स्पष्ट आहे: पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, यांचा खर्च तुमचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. नोकरी लावून देण्याचे पैसे कोणीच मागायचे नाहीत. भरती करणाऱ्याकडं नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो आहे की नाही हे त्यांच्या यादीत दिसतं. चकचकीत ऑफिस आणि भिंतीवरचा जहाजाचा फोटो म्हणजे परवाना नव्हे.

ज्यांच्या हातात एजंटचा एखादा कागद आधीच पडलाय, पावती असो की 'ऑफर लेटर', त्यांनी जेवण झाल्यावर तो माझ्याकडं आणावा. लाजू नका. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथंच, प्राचार्यांच्या खोलीत आहे.