कळसूबाईवर न मिळणारा सराव



आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर जायचे आम्ही पाचजणांनी ठरविले, तेव्हा सराव कोठे करावा याची आम्हांला मुळीच चिंता वाटली नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात असताना चिंता कसली? तीन महिने दर रविवारी पाठीवर दहा किलोंचे ओझे घेऊन बारी गावातून कळसूबाई चढलो. लोखंडी शिड्यांवर प्रथम धाप लागे. पुढे तीही लागेनाशी झाली. नवे बूट तेथेच पायांच्या वळणी पडले. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, हेही तेथेच कळले.

मग एका डॉक्टर स्नेह्यांनी विचारले, "पायांचे झाले; उंचीचे काय?" कळसूबाई १६४६ मीटर, किलिमांजारो ५८९५. आपल्या शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या चार-पंचमांशाहून थोडा अधिकच असतो. तेथे तो जेमतेम निम्मा. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच, पण हवाच विरळ. तिची सवय शरीराला दिवस देऊनच होते; तगडेपणाचा तेथे उपयोग नाही.

नियम असा सांगतात की, तीन हजार मीटरांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावा. मारांगू वाटेवरचे मुक्काम मात्र मंडारा सुमारे २७००, होरोंबो ३७००, किबो ४७०० असे आहेत! म्हणून होरोंबोला एक दिवस जास्त राहावयाचे ठरले. त्या दिवसाच्या खर्चावरून आमच्यात बरीच वादावादी झाली, हे कबूल करतो. दुसरा ठराव मात्र बिनविरोध झाला: डोके दुखून उलट्या होऊ लागल्या की त्याने खाली उतरायचे, आणि चिठ्ठीत नाव निघेल त्याने सोबत जायचे. चिठ्ठ्या नगरलाच टाकल्या.

किबोला, शिखराकडे निघण्याच्या रात्री, कळसूबाईवर नेहमी सर्वांच्या पुढे असणाऱ्या आमच्या गड्यालाच उलट्या सुरू झाल्या. "तासाभरात बरा होईन," असे तो म्हणत राहिला. चिठ्ठीत नाव आमचे होते, आणि आम्ही ठणठणीत होतो. मनात काय आले ते येथे सांगत नाही. एका वाटाड्यासह विजेरीच्या उजेडात त्याला घेऊन उतरलो. होरोंबोला पोचल्यावर दुपारी त्याने वाटीभर सूप मागितले.

शिखरावरचा सूर्योदय कसा होता, हे आम्ही बाकीच्या तिघांकडून ऐकले आहे.