आत या, बसा
(चिखलदरा येथील कॉफी-व्यावसायिकांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)

आदरणीय संमेलनाध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, मुंबई, पुणे, नागपूर, बंगळुरूहून आलेले कॉफीच्या धंद्यातले सर्व थोर-लहान, परतवाडा-अमरावतीची मंडळी, आणि मेळघाटच्या गावांतून अंधारात निघून इथवर पोचलेल्या माझ्या कोरकू व गवळी बहिणी-भावांनो,



सुरुवातीलाच एक क्षमा मागायची आहे, ती मागितल्याशिवाय माझं मन पुढं जाणार नाही. काल रात्री वारा सुटला आणि मंडपाची उत्तरेकडची कनात फाटली. ज्यांची निवासव्यवस्था शाळेच्या वर्गांत केली आहे, त्यांना पुरेशी पांघरुणं मिळाली नाहीत. पौषातली थंडी इथं काय असते ते आम्हाला ठाऊक होतं, तरी अंदाज चुकला. आज संध्याकाळपर्यंत परतवाड्याहून शंभर रजया येत आहेत.

आपल्या गावाविषयी बोलायला लागलो की मला घड्याळ दिसत नाही, हे समितीतल्या मित्रांनी आधीच बजावलं आहे. पण चिखलदऱ्यात येऊन चिखलदऱ्याची गोष्ट न ऐकता पाहुणा परत गेला, असं माझ्या कारकिर्दीत व्हायला नको.

भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं तो कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा, असं आमची आजी सांगायची. हात धुतले ते भीमकुंड, विराटाची नगरी ते वैराट. वैराट ही आमची सर्वांत उंच जागा, उद्या सूर्योदयाला तिथं जीप सोडल्या आहेत. १८२३ साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सननं हे ठिकाण ‘शोधलं’ असं पर्यटनाच्या माहितीपत्रकात छापतात. त्या आधी कितीतरी पिढ्या कोरकू इथं राहत होते आणि गवळी इथं म्हशी चारत होते. त्या गवळ्यांवरूनच गडाला गाविलगड म्हणतात. इथली रबडी आणि खवा आजही त्यांच्याच हातचा आहे. तुम्ही दुधाला फेस आणणारी माणसं. या डोंगरातल्या म्हशीच्या दुधाची चव घेतल्याशिवाय खाली उतरू नका.

गाविलगड इथून हाकेच्या अंतरावर आहे. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहा वली यानं तो बांधला, पुढं वऱ्हाडच्या इमादशाहीत तो वाढला. शार्दूल दरवाजावरचं ते दोन तोंडांचं गंडभेरुंड पक्ष्याचं शिल्प जरूर पाहा. नखांत हत्ती धरलेले आहेत. मी लहानपणी त्या दरवाजाखाली बसून अभ्यास केला आहे.

आणि त्याच गडावर बेनीसिंग पडला.

हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल? बेनीसिंग हा नागपूरकर रघूजी भोसल्यांचा किल्लेदार, रजपूत माणूस. १८०३ च्या नोव्हेंबरात, २९ तारखेला, अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. उरलेसुरले शिपाई गडावर आले. मागोमाग जनरल आर्थर वेलस्ली आला. हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगाच्या इतिहासात गेला. वेलस्ली दक्षिणेकडून, आणि कर्नल स्टीव्हन्सन डोंगर फिरून उत्तरेकडून. वाट नव्हती. वाट तोडत तोडत त्यांनी तोफा वर ओढल्या. भिंतीला खिंडार पडलं ते १४ डिसेंबरच्या आत, आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा कोट गेला. आतला कोट उभा होता. तेव्हा ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून त्या कोटावरून आत उतरला आणि त्यानं आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग आपल्या माणसांसह लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून कटक प्रांत गेला. पार ओडिशाचा समुद्रकिनारा, तो इथं या डोंगरावर गेला!

मी चाळीस वर्षं दर १५ डिसेंबरला गडावर जातो. वेलस्लीचे लंडनमध्ये पुतळे आहेत. बेनीसिंगाच्या नावाची साधी पाटी गडावर असावी, एवढीच माझी मागणी आहे. या व्यासपीठावर शासनाचे प्रतिनिधी बसले आहेत म्हणून ती इथं पुन्हा करतो. विषय सोडून बोलतोय असं कुणाला वाटलं तर त्यांनी मला माफ करावं. किल्लेदार मेला तो पगारासाठी की धन्यासाठी की या डोंगरासाठी, मला ठाऊक नाही. पण दरवाजा त्यानं उघडला नाही.

आता कॉफी.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती फक्त इथं. इंग्रजांच्या अमदानीत ती लावली गेली, आणि समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांवरच्या या हवेत रुजली. कर्नाटकात देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी होते. त्यापुढं आमचं पीक हिशेबात धरण्याजोगं नाही. पण पावसाच्या सरीनंतर झुडूप पांढऱ्या फुलांनी भरतं आणि जाईसारखा वास सुटतो, तेव्हा मला टनांचा हिशेब आठवत नाही. फळं हिवाळ्यात पिकतात. लाल झालेलं तेवढंच तोडायचं, हिरवं झाडावर ठेवायचं, म्हणजे एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. पाच-सहा किलो फळातून एक किलो हिरवी बी निघते, भाजताना तीही आणखी हलकी होते. तुम्ही मशीनमध्ये अठरा ग्रॅम पूड दाबता ना, त्यामागं शंभर-सव्वाशे ग्रॅम फळ कुणीतरी एकेक करून तोडलेलं असतं.

माझ्या घराचा धंदा मात्र चहाचा. वडिलांचं एस.टी. स्टँडाजवळ हॉटेल होतं: चार बाकडी, एक भट्टी, समोर काचेच्या बरण्या. दाराबाहेर एक ओटा होता. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेली कोरकू माणसं त्या ओट्यावर बसत. त्यांचे पेले वेगळे, खिडकीच्या कोनाड्यात पालथे घातलेले. प्यायचे, स्वतः विसळायचे आणि परत पालथे घालायचे. वडील स्वभावानं वाईट नव्हते. उधारी बुडाली तरी कुणाला टोचून बोलत नसत. तरीही ओटा होता, आणि मी शाळा सुटल्यावर त्या पेल्यांत वरून चहा ओतत होतो. हे मी आज माझ्या गावासमोर पहिल्यांदाच बोलतो आहे.

हॉटेल माझ्या हाती आलं तेव्हा मी ओटा फोडला आणि कोनाडा बुजवला. पेले एकाच घंगाळात आले. पण इतक्या वर्षांनंतरही दोन-तीन म्हातारी माणसं आत येत नाहीत. मी म्हणतो, बाबा, आत या, बसा. ते हसतात आणि दारात उभं राहून चहा पितात.

म्हणून तुमच्या संमेलनाचा विषय मला कळवला गेला, ‘समाजभान असलेलं कॉफीचं दुकान’, तेव्हा मला त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला विचारावा लागला नाही. दुकानात आत कोण बसतं, गल्ल्यामागं कोण उभं राहतं, आणि मालक कुणाला म्हणायचं, हे तीन प्रश्न आहेत. भिंतीवर आदिवासी चित्रं टांगून यांतला एकही सुटत नाही.

मालकीचा प्रश्न तुमच्या धंद्यातल्याच वेटरांनी एकदा सोडवून दाखवला आहे. १९३६ मध्ये कॉफी सेस कमिटीनं मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशभर पन्नासच्या आसपास शाखा झाल्या. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डानं त्या बंद करायचं ठरवलं, माणसं रस्त्यावर आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं की तुम्हीच चालवा. १९ ऑगस्ट १९५७ ला बंगळुरूत पहिली कामगार सहकारी संस्था उभी राहिली, आणि २७ ऑक्टोबरला दिल्लीत कामगारांच्या मालकीचं पहिलं इंडियन कॉफी हाउस उघडलं. कालपर्यंत ट्रे उचलणारा माणूस भागधारक झाला. फेटा तोच, मालक बदलला. सहकाराचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात साखर कारखान्यांची भाषणं पुष्कळ झाली, या वेटरांची आठवण कुणी काढत नाही.

गल्ल्यामागं कोण, याचं उत्तर अलीकडच्या तरुण मंडळींनी दिलं. अलिना आलम यांनी २०१७ मध्ये हुबळीत मिट्टी कॅफे सुरू केलं, तिथं दिव्यांग मुलं-मुली काम करतात. २०२३ मध्ये त्यांचं कॅफे सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात उघडलं. आग्र्याला २०१४ पासून शीरोज हँगआउट आहे, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या महिला तिथं पाहुण्यांचं स्वागत करतात. आणि डोंगरातल्या माणसांसाठी मला सर्वांत जवळचा वाटतो तो आंध्रातला अरकू. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी नांदी फाउंडेशनच्या साथीनं २०१७ मध्ये थेट पॅरिसच्या दुकानात गेली, आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. डब्यावर खोऱ्याचं नाव आहे. अरकूत जे घडलं ते सिपनेच्या काठी का घडू नये? सिपना म्हणजे कोरकूत साग. आमच्या नदीचं नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं आहे.

तुम्ही सगळे तज्ज्ञ आहात, मी तुम्हाला काय सांगणार. पण यजमान म्हणून एक मागणं मागतो. आमच्या मुलांना कामावर घेताना नुसती फरशी पुसायला आणि कप विसळायला घेऊ नका. त्यांना भट्टीपाशी उभं करा. दाणा तडकल्याचा पहिला आवाज ऐकून भाजणं कुठं थांबवायचं, हे त्यांना शिकवा. चमच्यानं सुरका मारून चव पारखायला शिकवा. या मुलांची नाकं जंगलात तयार झालेली आहेत. मोह कधी गळणार आणि मध कोणत्या फुलाचा, हे ती वासावरून सांगतात. मशीन दुरुस्त करणारा कारागीर, भाजणारा, चव पारखणारा, हिरवी बी खरेदी करणारा, असे किती रस्ते या धंद्यात आहेत. कॉफी बोर्डाचा कॉफीच्या गुणवत्तेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. मेळघाटातल्या किती पदवीधरांना ते ठाऊक आहे? मला स्वतःला गेल्या वर्षी कळलं. परतवाड्याच्या कॉलेजांत विज्ञान शिकणाऱ्या आमच्या मुली आहेत. तीन दिवसांत त्यांच्यापैकी चौघींना तरी तुमच्यातल्या कुणी हात दिला, तर या संमेलनाचा खर्च वसूल झाला असं मी समजेन.

आता व्यवस्थेविषयी, आणि आभार.

पाणी जपून वापरा, ही विनंती मी हात जोडून करतो. पावसाळ्यात इथं धुकं आणि पाणी यांशिवाय काही दिसत नाही, आणि तरी पुढचे महिने टँकरची वाट पाहण्यात जातात. आंघोळीचं गरम पाणी सकाळी सहा ते आठ. मोबाइलला रेंज देवी पॉइंटच्या बाजूला थोडी मिळते. वीज गेली तर जनरेटर आहे, मात्र तुमच्या तीन-तीन मोठ्या कॉफी मशीन एकदम लावल्या तर तो बसतो, हे काल सिद्ध झालं. कृपया पाळीपाळीनं लावा. संध्याकाळनंतर घाटात एकट्यानं फिरू नका. आपण व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी आहोत, हा इशारा मनावर घ्या. ज्यांची एस.टी. चुकून परतवाड्याला रात्र काढावी लागली त्या सात प्रतिनिधींची मी वैयक्तिक क्षमा मागतो. अचलपूरची शकुंतला रेल्वे चालू असती तर प्रवास थोडा सुखाचा झाला असता.

परतवाड्याच्या धान्य व्यापाऱ्यांनी तांदूळ, डाळ आणि तेल दिलं. मोथ्याच्या शेतकऱ्यांनी पाहुण्यांसाठी स्ट्रॉबेरी पाठवली, पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत. गवळी बंधूंनी तीन दिवसांचं दूध निम्म्या दरात दिलं. लॉजमालकांनी हंगामाच्या दिवसांत पंचवीस खोल्या मोकळ्या करून दिल्या, त्यात त्यांचं किती नुकसान झालं ते मी जाणतो. नगर परिषदेच्या सफाई कामगारांनी रविवारची सुट्टी न घेता मैदान झाडून दिलं. एका देणगीदारानं रोख रक्कम दिली आणि नाव न घेण्याची अट घातली. ती मी पाळतो, पण ते समोर बसलेले आहेत आणि माझा नमस्कार त्यांना पोचला असेल. मंडपवाल्यानं निम्मंच भाडं घेतलं, म्हणून त्या फाटक्या कनातीबद्दल त्याला कुणी बोलू नये. शाळेच्या मुलींनी रांगोळी काढली, कपातून वाफ निघते तशी. ती ओलांडताना जरा बाजूनं जा. स्वयंपाकघरात पहाटे तीनपासून राबणाऱ्या बायांची नावं मी कागदावर लिहिली होती, एकवीस नावं आहेत. वेळेअभावी वाचत नाही, फलकावर लावली आहेत. जेवायला जाताना ती आवर्जून वाचावीत.

आता उद्घाटन. दीपप्रज्वलनानंतर कॉफीचा पहिला कप मान्यवरांना द्यायचा, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. संमेलनाध्यक्षांच्या परवानगीनं त्यात एक बदल केला आहे. डावीकडे, मंडपाच्या खांबाला टेकून ज्या अकरा जणी उभ्या आहेत, त्यांनी आजची ही कॉफी तोडली, वाळवली आणि सुपात निवडली. त्यांतल्या नऊ जणींनी कॉफी अजून कधी प्यायलेली नाही, असं मला काल कळलं. पहिल्या रांगेतल्या अकरा खुर्च्या म्हणूनच रिकाम्या ठेवल्या आहेत.

बायांनो, उभ्या का? इकडं या, बसा. पाणी उकळलंय.